कसरतींच्या चित्रामागचे राजकारण

बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात रेशमावर रंगवलेले एक भलेमोठे चित्र आहे, 'मा शू थू', म्हणजे घोड्यांच्या कसरतींचे चित्र. रुंदी सव्वाचार मीटरच्या आसपास. भरधाव घोड्यांवर स्वार उभे आहेत, कुणी खोगिरावर हात टेकून पाय आभाळाकडे केले आहेत. चीनचा छिंग घराण्यातला सम्राट छ्येनलुंग स्वतः घोड्यावर बसून पाहतो आहे. समोर पाहुणे आहेत, दोर्बेत या मंगोल टोळीचे सरदार.

हे सरदार आले कुठून? १७४५ मध्ये झुंगार या पश्चिम मंगोलांच्या राज्याचा राजा गाल्दान त्सेरेंग वारला आणि गादीसाठी भाऊबंदकी पेटली. तिला कंटाळून १७५३ मध्ये त्या राज्यातले तीन दोर्बेत सरदार हजारो माणसांनिशी छिंग हद्दीत आले. पुढच्या उन्हाळ्यात बादशहाने त्यांना आपल्या उन्हाळी राजवाड्याच्या ठिकाणी, चेंगदेला, मेजवान्या दिल्या. बीजिंगला न बोलावण्यामागे देवीच्या रोगाची धास्ती होती. ज्यांना देवी येऊन गेल्या नव्हत्या अशा मंगोलांना चीनच्या भिंतीपलीकडे चेंगदेतच भेटायचा रिवाज होता. घोड्यावरच वाढलेल्या माणसांपुढे घोड्यांच्याच कसरती करून दाखवायच्या, यात आदरातिथ्य होते तसा दराराही होता, असे मला ठामपणे वाटते.

पाहुण्यांचे चेहरे नेमके उतरावेत म्हणून आत्तिरे या फ्रेंच जेझुइट (कॅथलिक मिशनरी) चित्रकाराला तातडीने चेंगदेला आणले गेले. त्याने समोर बसवून तैलरंगात व्यक्तिचित्रे केली. बादशहाने खूश होऊन अधिकाऱ्याचा दर्जा देऊ केला, तो त्याने नाकारला. चित्राचा मुख्य कर्ता मात्र मिलानचा जुझेप्पे कास्तिल्योने. १७१५ पासून तो दरबारात होता, चिनी नाव लांग शिनिंग. चेहऱ्यावरची गडद सावली दरबाराला खपत नसे, त्यामुळे त्याने उजेड समोरून घेतला. म्हणूनच इथले चेहरे गोलाई असूनही स्वच्छ उजळलेले दिसतात, आणि माणूस न् माणूस ओळखू येतो. निष्ठेची नोंद ठेवायची तर हेच हवे होते.

चित्र १७५५ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी छिंग फौजा झुंगारांच्या मुलखात, इलीच्या खोऱ्यात उतरल्या. आदल्या वर्षी शरण आलेला झुंगार राज्यातला सरदार आमुरसाना त्यांच्यासोबत होता, पण तो लवकरच उलटला. नंतरच्या मोहिमा, कत्तली आणि देवीची साथ यांत झुंगार राज्य नामशेष झाले. १७५७ मध्ये कझाखांनी नजराण्याचे घोडे पाठवले. तो प्रसंगही कास्तिल्योनेनेच रंगवला, ते चित्र आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे.