पहिला सिनेमा करताय? सामान ठरवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे कॅमेरा भाड्याने न्यायला येणाऱ्यांत पहिलाच सिनेमा करणारे बरेच असतात. काही जण ब्लॅक कॉमेडीची, म्हणजे खून-मृत्यूसारख्या गंभीर गोष्टींतून हसवणाऱ्या सिनेमाची, संहिता घेऊन येतात. ‘कुठला कॅमेरा नेऊ?’ असं ते विचारतात. आम्ही विचारतो, ‘शूटिंग कुठे आणि किती दिवस?’ एवढं पक्कं झालं की यादीतलं बरंच सामान गळून पडतं.

ब्रिटनमधले दोन सिनेमे आम्ही आवर्जून बघायला सांगतो. बेन व्हीटली यांचा पहिला चित्रपट ‘डाउन टेरेस’ (२००९) ८ दिवसांत चित्रित झाला. ब्रायटनमधले गुन्हेगार बाप-लेक तुरुंगातून सुटून घरी येतात. आपल्यातल्याच कुणीतरी पोलिसांना खबर दिली, असा त्यांना संशय येतो आणि मग एकेकाचा काटा काढला जातो. मधल्या वेळात चहा आणि घरगुती कुरबुरी चालूच. भूमिकेत रॉबर्ट आणि रॉबिन हिल हे खरेखुरे बाप-लेक, आणि बरंचसं चित्रण हिल कुटुंबाच्याच घरात. वर्षानुवर्षं एकाच घरात वावरलेल्या माणसांचा एकमेकांवरचा वैताग कुठलाही सेट उभारून मिळत नाही.

ॲलिस लो यांनी तर ‘प्रीव्हेंज’ (२०१६) स्वतः गरोदर असताना केला. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, तिन्ही त्यांचंच. पोटातलं बाळ आईला खून करायला सांगतं, अशी गोष्ट. चित्रीकरण ११ दिवसांचं, आणि तारीख पुढे ढकलायची सोयच नव्हती. लोक भुताखेतांचे वेश करून फिरतात त्या हॅलोविनच्या रात्री कार्डिफ शहरातल्या रस्त्यावरची खरी गर्दी त्यांनी वापरली. जे हाताशी आहे त्यातूनच गोष्ट उभी करायची, हे या दोघांकडून शिकण्यासारखं आहे.

आता आवाजाबद्दल, कारण ब्लॅक कॉमेडी तिथेच फसते. यातला विनोद नटाने गंभीर चेहऱ्याने, हळू आवाजात टाकलेल्या वाक्यात असतो. ते वाक्य ऐकू आलं नाही तर खाली फक्त खून उरतो. म्हणून पैसे कमी असतील तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या, पण बूम माइक (लांब काठीला लावून नटाच्या जवळ धरायचा माइक) आणि तो धरणारा अनुभवी माणूस सोडू नका. लेपल माइक, म्हणजे छातीशी कपड्याला लावायचा छोटा माइक, कपड्याला घासला तर खरखर येते; सुती कपडे बरे.

घरात शूट करताना पंखे आणि फ्रिज बंद ठेवा. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये टाका, म्हणजे निघताना फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ आधीच विचारून घ्या. प्रत्येक खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. एडिटिंगला वाक्यांमधली भोकं त्यानेच बुजतात.

येताना संहिता आणि खोल्यांचे फोटो घेऊन या, खिडक्या कुठल्या दिशेला आहेत तेही लिहून आणा. बघून मगच लाइट किती लागतील ते सांगू.