सायकल झालेली टाकी आणि मुरलेली टाकी

रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली प्रवाळ-माशांची टाकी, पहिल्यांदाच मांडलेला माणूस पाचव्या-सहाव्या आठवड्यात टेस्ट किटची नळी उजेडात धरतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट मात्र दिसतंय. 'झाली टाकी तयार' असं म्हणून तो त्याच संध्याकाळी यादी करायला बसतो. त्या यादीत हटकून एक मँडरिन मासा असतो, एखादा अ‍ॅनेमोन (समुद्रफूल) असतो आणि शेवाळ खायला वीस-पंचवीस शंख असतात. किट खोटं बोललेलं नसतं. टाकी खरोखर तयार असते, फक्त कशासाठी तयार, हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

टाकीची सायकल होणं, म्हणजे अमोनिया पचवणारे सूक्ष्मजीव जम बसवणं, आणि टाकी मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काही आठवड्यांत होते आणि मोजता येते. दुसरीला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि तिच्यासाठी कुठलंही किट मिळत नाही. घराच्या भाषेत सांगायचं तर सायकल म्हणजे सांडपाण्याची लाइन सुरू होणं. ती नसेल तर घरात राहताच येत नाही. पण लाइन सुरू झाली म्हणून चूल पेटलेली नसते.

आधी सायकल. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्यामुळे त्यातला विषारी, आयन नसलेला वाटा गोड्या पाण्याच्या साध्या टाकीपेक्षा जास्त राहतो. काही सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे काम जिवाणूच करतात असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2005 साली नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस या सूक्ष्मजीवाची ओळख झाली. तो जिवाणू नव्हे, आर्किया या एकपेशी सूक्ष्मजीवांच्या वेगळ्याच गटातला आहे, आणि अमोनियावरच जगतो. गंमत म्हणजे तो खोल समुद्रात सापडला नव्हता, सिएटल अ‍ॅक्वेरियमच्या एका सागरी टाकीतून वेगळा केला होता. आपल्या छंदाला विज्ञानात मिळालेला हा छोटासा मान मला फार आवडतो.

सायकल झाली की नाही हे ठरवायची रीत सोपी आहे. अमोनिया 2 पीपीएमपर्यंत चढेल इतका घालायचा. चोवीस तासांत तो शून्यावर आला तर सायकल झाली. नायट्राइट रेंगाळलं तर नवे लोक घाबरतात, पण खाऱ्या पाण्यात भरपूर क्लोराइड असतं आणि ते नायट्राइटला माशाच्या कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. त्यामुळे गोड्या पाण्यात जीवघेणं ठरणारं नायट्राइट इथे तेवढं चिंतेचं नसतं.

आता एक हिशेब. टाकी 200 लिटरची धरू. 2 पीपीएम म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे ही टाकी दिवसाला 400 मिलिग्रॅम अमोनिया पचवते. दोन छोट्या क्लाउनफिशना रोज अर्धा ग्रॅम कोरडं खाद्य घातलं आणि त्यात 40 टक्के प्रथिनं असली, तर प्रथिनं झाली 200 मिलिग्रॅम. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे 32 मिलिग्रॅम. तो सगळाच्या सगळा अमोनिया होऊन बाहेर पडला तरी चाळिशीच्या आत राहतो. म्हणजे क्षमता गरजेच्या दहापट झाली. पुढे खाद्य कमी मिळालं की सूक्ष्मजीवांची संख्याही ओसरते, हे खरं. तरी नव्या टाकीतले जीव मरतात ते बहुतेक वेळा अमोनियामुळे मरत नाहीत, हे या आकड्यांवरून दिसतं. ते मरतात ज्या कारणांनी, ती सगळी मुरण्याच्या खात्यात मोडतात.

मुरणं म्हणजे नेमकं काय? कोरा खडक, कोरी वाळू आणि कोरी काच यांवर जीव वस्ती करतात, आणि ती वस्ती आपापसांत भांडूनतंडून एकदाची स्थिरावते. पहिली झुंबड डायटम या एकपेशी शेवाळाची असते. वाळूवर तपकिरी पूड धरते, कारण नव्या टाकीत सिलिकेट मोकळं असतं आणि ते खायला दुसरं कोणी नसतं. मग केसांसारखं हिरवं शेवाळ येतं, लालसर-जांभळ्या चादरीसारखा सायनो (सायनोबॅक्टेरिया) येतो. सगळ्यांत नकोसे डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी जीव), शेंबडासारख्या तपकिरी तारा आणि त्यांत अडकलेले बुडबुडे. हे पाहुणे ठरावीक क्रमाने येतीलच असं नाही, आणि सगळे येतीलच असंही नाही. पण मोकळी जागा पडून आहे तोवर कुणीतरी येणारच.

डायनोंच्या बाबतीत एक उलटी गोष्ट घडते. शेवाळाच्या धास्तीने माणूस नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेतो आणि नेमके तेव्हाच डायनो फोफावतात. बाकीचं शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडतात, आणि रिकामी झालेली जागा डायनो पटकावतात. त्यात ड्राय रॉकची, म्हणजे कोरड्या निर्जीव खडकाची भर. कॅल्शियम कार्बोनेटचा कोरा पृष्ठभाग फॉस्फेट धरून ठेवतो, म्हणून सुरुवातीला खाद्य कितीही घातलं तरी फॉस्फेट दिसतच नाही. किटवरचा शून्य बघून आपण खूश होतो, आणि पोषण मात्र खडक गिळत असतो. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम एवढं असू द्यावं, या मताचा मी आहे. शून्य ही रीफ टाकीतली कमाई नव्हे.

वर हे नाटक चालू असताना खडकाच्या आतही बदल होत असतात. सच्छिद्र खडकाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे जिवाणू हळूहळू जम बसवतात. वाळूत बारीक किडे आणि ब्रिसलवर्म वाढतात, खाद्याचा विसरलेला कण रात्रीतून संपवतात. कोपेपॉड आणि अँफिपॉड या चिमुकल्या कवचधारी जीवांच्या, थोडक्यात पॉडांच्या, पिढ्या सुरू होतात. शेवटी काचेवर आणि पंपावर कोरलाइन या कठीण थराच्या शेवाळाचे गुलाबी-जांभळे ठिपके पडतात. कोरलाइनने धरलेल्या जागेवर हिरव्या शेवाळाला सहज पाय रोवता येत नाही.

सायकल आणि मुरणं यांची गल्लत का होते, याचं उत्तर मला छंदाच्या इतिहासात सापडतं. 1961 साली जकार्ताच्या ली चिन इंग यांनी सागरी मासे नैसर्गिक पद्धतीने ठेवण्याबद्दल लिहिलं. त्यांची भिस्त यंत्रांवर नव्हती, जिवंत खडकावर आणि हवेच्या बुडबुड्यांवर होती. पुढे लाइव्ह रॉक हा रीफ टाकीचा पायाच झाला. समुद्रातून आलेल्या त्या खडकावर अमोनिया खाणारे सूक्ष्मजीव असत, आणि सोबत कोरलाइन, पॉड, किडे, स्पंज असा सगळा गोतावळाही असे. त्यामुळे सायकल संपली की टाकी बरीचशी मुरलेलीही असायची, आणि दोन्हींसाठी एकच शब्द चालून जायचा. आज बरेच लोक ड्राय रॉक आणि बाटलीतले जिवाणू वापरतात. नको असलेले खेकडे आणि एप्टेशिया (तणासारखा पसरणारा छोटा अ‍ॅनेमोन) टळतात, समुद्रातला खडक समुद्रातच राहतो, हे चांगलंच आहे. पण त्या बाटलीत अमोनिया पचवणारे असतात, गोतावळा नसतो. पूर्वी एकत्र येणाऱ्या या दोन गोष्टींत आता महिन्यांचं अंतर पडलंय, शब्द मात्र तोच राहिला.

हे अंतर सगळ्यांत क्रूरपणे दिसतं ते मँडरिनमध्ये. हा मासा दिवसभर खडकाला चोच मारत फिरतो आणि टिपतो ते मुख्यतः जिवंत कोपेपॉड. सायकल झालेल्या टाकीत त्याला श्वास घ्यायला पाणी उत्तम, खायला मात्र काहीच नाही. माझ्या पहिल्या टाकीत तिसऱ्या महिन्यात मी मँडरिन सोडला. आठवडाभर तो इतका सुरेख फिरत होता की घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ओढत टाकीपाशी नेत होतो. मग डोक्यामागचा भाग खपाटीला गेला, पोट आत ओढलं गेलं. पाण्याचे सगळे आकडे शेवटपर्यंत अचूक होते. तो साध्या उपासमारीने गेला, आणि मी रोज पीएच मोजत बसलो होतो. आता टाकीत जन्मलेले आणि गोठवलेलं खाद्य घ्यायला शिकलेले मँडरिनही मिळतात, त्यांचं गणित जरा सोपं आहे. तरी टाकी वर्षाची होऊ द्यावी, आणि घेण्याआधी तो मासा समोर खाताना बघावा.

शंखांचंही तसंच. डायटम बघून कुणी वीस शंख सोडतो. पंधरा दिवसांत ते काच चाटूनपुसून साफ करतात आणि मग उपाशी मरायला लागतात. मेलेला शंख वाळूत कुजतो, अमोनिया सोडतो. चार-पाचांनी सुरुवात करावी आणि शेवाळ वाढेल तशी संख्या वाढवावी. वाळू उपसणारे तारामासे तर छोट्या टाकीत जवळजवळ नेहमीच उपाशी मरतात, टाकी मुरलेली असली तरी. मी ते कधीच घेत नाही.

अ‍ॅनेमोनला भक्कम प्रकाश लागतो आणि पाण्यात चढउतार चालत नाहीत. शिवाय त्याला पाय आहे. जागा आवडली नाही की तो चालू लागतो, आणि कधीकधी थेट पंपात जातो. चिरडलेला अ‍ॅनेमोन अख्खी टाकी नासवू शकतो. क्लाउनफिशसाठी तो लागतोच ही समजूत सोडून द्यावी. ऑसेलारिस या क्लाउनफिशची जोडी त्याच्याविना मजेत जगते.

मग सायकल झाल्यावर लगेच काय सोडता येतं? बरंच काही. ती ऑसेलारिस जोडी आधी वेगळ्या टाकीत ठेवून, रोग नाही ना हे बघून आणता येते. मशरूम, झोअँथिड, लेदर अशी चिवट मऊ प्रवाळंही चालतात. काही लोक मुरेपर्यंत दिवेच लावत नाहीत. मला ते पटत नाही. पहिल्या महिन्यात दिव्याची वेळ कमी ठेवावी, पण दोन-चार मऊ प्रवाळं असू द्यावीत, कारण तीही जागा धरतात, पोषण ओढतात, म्हणजे मुरण्यात हातभारच लावतात. नुसती रिकामी टाकी सहा महिने तशीच ठेवली तर ती वयाने मोठी होते, पण मुरते असं नाही. खाद्य पडलं पाहिजे, त्यातून घाण झाली पाहिजे आणि ती घाण खाणारे वाढले पाहिजेत.

हॅमर, टॉर्च, डंकन यांसारखी मोठ्या तोंडांची कठीण प्रवाळं तीन-चार महिन्यांनी, शेवाळाची लाट ओसरताना आणावीत. अ‍ॅक्रोपोरा हे नाजूक कठीण प्रवाळ शेवटी. तिला अल्कलिनिटी (सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं पाण्यातलं माप) 7 ते 9 डीकेएच या एककात चालते, पण आज 7 आणि परवा 9 हे चालत नाही. नव्या टाकीत अल्कलिनिटी फारशी खर्चच होत नाही. कोरलाइन आणि पहिली कठीण प्रवाळं वाढायला लागली की ती आठवड्याला थोडी थोडी उतरते, मग उतरण्याचा वेगही वाढत जातो. हा खर्च काही आठवडे मोजून, डोसिंग (खर्च झालेलं पुन्हा पाण्यात घालणं) त्याच्याशी जुळवून मगच पहिली अ‍ॅक्रोपोरा आणावी, आणि तिच्याही आधी एखादी माँटिपोरा, हेही कठीण प्रवाळच, लावून बघावी.

मुरलेली टाकी ओळखायला किट नसलं तरी खुणा आहेत. सुरुवातीला काच दोन दिवसांत धुरकटते, नंतर आठवडाभर स्वच्छ राहते. एखाद्या दिवशी खाद्य जास्त पडलं तर नायट्रेटचा आकडा पूर्वीसारखा उसळत नाही. अल्कलिनिटीची उतरण दर आठवड्याला सारखी येते. सगळ्यांत खात्रीची खूण रात्रीची आहे. दिवे बंद होऊन दोन तास झाले की बारीक लाल टॉर्च काचेवर मारायचा. पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसले, खडकाच्या फटींतून मिशा हलल्या, वाळूतून किड्यांची तोंडं वर आली, तर वस्ती झालीय. काच नुसतीच चकचकीत आणि निर्जीव दिसली तर मँडरिनचा विचार पुढे ढकलावा.

मुरण्याला आडवाट एकच माहीत आहे. ओळखीच्या कुणाच्या निरोगी जुन्या टाकीतला एखादा खडक आणि पसाभर वाळू मिळाली तर नव्या टाकीत ठेवायची. वाहून नेताना ती ओली राहिली आणि पाणी गार झालं नाही, तर किडे-पॉडांचं बियाणं टिकतं. खडकाबरोबर एप्टेशियाही येऊ शकतो, म्हणून ठेवण्याआधी तो बादलीत फिरवून सगळ्या बाजूंनी बघावा. आणि अख्खी जुनी टाकीच हलवायची असेल तर खालची जुनी वाळू ढवळून तशीच भरू नये. तिच्यात साठलेली घाण एकदम पाण्यात मिसळते, आणि चार वर्षं मुरलेल्या टाकीत पुन्हा अमोनिया मोजायची वेळ येते.