आपण कुणाला उडवलं तर नाही ना?

रात्री साडेनऊच्या सुमारास शिरवळ मागे टाकून आम्ही पुण्याकडे निघालो होतो. डावं चाक धपकन कशात तरी आदळलं. शेजारी बसलेली आई म्हणाली, "अगं, खड्डा होता." मलाही खड्डाच दिसला होता. तरी थोडं पुढे जाईपर्यंत डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: रस्त्याच्या कडेने कुणीतरी चाललं होतं आणि आता ते मागे पडलं आहे. पुढच्या भुयारी मार्गातून गाडी वळवली, मागे गेले, खड्डा पाहिला, परत पुण्याच्या दिशेला लागले. दहाच मिनिटांत नवी शंका आली. अंधारात नीट पाहिलं का आपण? त्या रात्री मी तीनदा मागे फिरले. घरी पोचल्यावर मोबाइलच्या उजेडात बंपरवरून बोटं फिरवली. हाताला लागला तो वाळलेला चिखल.

अतिरेकी, पुन्हा पुन्हा उफाळणाऱ्या शंकेला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. सतत हात धुणारा, कुलूप ओढून पाहणारा माणूस घरच्यांच्या लक्षात येतो. गाडी चालवणाऱ्याचा मंत्रचळ मात्र दिसत नाही. लोकांना वाटतं, हा रस्ता चुकला असेल.

मनात वाईट विचार येणं हा आजार नाही, हे आधी सांगायला हवं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे 94 टक्क्यांनी आधीच्या तीन महिन्यांत असा एखादा नकोसा विचार आल्याचं सांगितलं. घाटात कठड्याकडे बघून 'आत्ता स्टिअरिंग फिरवलं तर?' असं मनात चमकून जाणं ही त्याच जातीची गोष्ट. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्या आज्यांनी केव्हाच ओळखलं होतं. बहुतेकांचा विचार येतो आणि जातो. ज्याला तो विचार म्हणजे स्वतःच्या स्वभावाचा पुरावा वाटतो, त्याच्यापाशी तो मुक्काम करतो. आणि असं वाटणारी माणसं बहुधा कुणाला इजा होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारीच असतात.

विचार दाबून टाकायला गेलं की काय होतं, ते औषध घेताना माकड आठवू नकोस म्हटल्यावर होतं तेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी 1987 साली पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून हेच दाखवलं होतं.

पण मला खरी वाट दाखवली ती नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाने. मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी 2003 साली तो प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी. लोकांनी बटणं चालू करायची, बंद करायची, बंद झाली का तपासायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. शेवटच्या वेळी कोणती बटणं तपासली हे त्यांना, शेगडी वारंवार न तपासलेल्या दुसऱ्या गटाइतकंच अचूक आठवत होतं. पण ती आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा ढासळला होता. तीच कृती वारंवार केली की मन तिचे बारकावे टिपायचं सोडून देतं, 'तपासलं' एवढीच नोंद उरते. म्हणजे मी तिसऱ्यांदा मागे फिरले तेव्हा खात्री वाढवत नव्हते, ती खरवडून काढत होते! पहिल्या वेळी पाहिलेला खड्डा मला स्पष्ट आठवतो. तिसऱ्या वेळचा आजही आठवत नाही.

म्हणून उपचारात भर असतो तो न तपासण्यावर. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली ही दिशा दाखवली: भीतीला सामोरं जायचं आणि ती शमवण्यासाठी नेहमी करतो ती कृती करायची नाही. माझ्या समुपदेशक बाईंनी आधी माझ्या चोरवाटा बंद केल्या. सारखं आरशात मागे बघणं, आईला "लागलं नाही ना गं कुणाला?" असं विचारणं, सकाळी पेपरात अपघाताची बातमी शोधणं, हे सगळं तपासणंच. आईलाही त्यांनी उत्तर न द्यायला सांगितलं. तिला ते फार जड गेलं. काहींना सोबत औषधंही लागतात, त्यात कमीपणा काही नाही.

प्रत्यक्ष काही घडलं असेल, म्हणजे कुणी ओरडलं, धडक जाणवली, आरसा मोडला, तर थांबायचंच. मोटार वाहन कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि माणुसकीनेही. स्वतःला संपवावंसं खरोखर वाटत असेल, तर तो मंत्रचळ आहे की नाही हे ठरवत बसू नका. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कधीही, मोफत बोलता येतं.

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच रस्त्याने येत होते. चाक आदळलं, पोटात गोळा आला. मी स्वतःशी म्हणाले, "असेलही, नसेलही," आणि गाडी चालवत राहिले. आई खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. कापूरहोळपर्यंत तळहात घामेजलेले होते. नसरापूर फाट्याला शंका होती, पण तिची धार गेली होती. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभी असताना लक्षात आलं, घरी दूध संपलंय का याचा मी विचार करते आहे.