सळसळ पुसली की खोलीही पुसली जाते

परवा रात्री घरातले सगळे झोपल्यावर हेडफोन लावून एल्विस प्रेस्लीचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' लागोपाठ तीन वेळा ऐकलं. गाणं तेच, १९५४ सालचं, मेम्फिसमधल्या सन स्टुडिओतलं, वाजवणारे तिघंच, स्वतः एल्विस, दुसऱ्या गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बासवर बिल ब्लॅक, ड्रम नाहीच. पण तिन्ही वेळा रिमास्टर, म्हणजे जुन्या टेपवरून नव्याने साफसूफ करून काढलेली आवृत्ती, वेगळी होती, आणि खरं सांगतो, मधली जी सगळ्यात 'क्लीन' होती ना, तीच मला सगळ्यात निर्जीव वाटली. मागची सळसळ नाही, खरखर नाही, काहीच नाही, पण त्या तिघांच्या आजूबाजूची खोलीपण नाही. असं का होतं यावर जुन्या रॉक अँड रोलचे फॅन वर्षानुवर्षं भांडतायत, आणि या भांडणात आवडीनिवडी जितक्या आहेत तितकंच भौतिकशास्त्रही आहे.

आधी त्या खोलीबद्दल. सॅम फिलिप्स नावाच्या माणसाने १९५० मध्ये मेम्फिसला ७०६ युनियन अव्हेन्यूवर हा छोटासा स्टुडिओ सुरू केला. 'सनचा आवाज' म्हणून जो जगभर ओळखला जातो त्यातला मोठा भाग एका साध्या युक्तीचा आहे. त्याच्याकडे अँपेक्स कंपनीची दोन टेप मशीन होती. एकावर मुख्य रेकॉर्डिंग चालू असायचं, तोच आवाज दुसऱ्या मशीनवर पण जायचा, आणि त्या दुसऱ्या मशीनमध्ये टेप रेकॉर्ड हेडपासून (टेपवर आवाज भरणारा भाग) पुढच्या प्लेबॅक हेडपर्यंत (तो वाचणारा भाग) सरकायला जो वेळ लागतो तेवढ्या उशिराने तोच आवाज परत मूळ आवाजात मिसळायचा. टेप सेकंदाला १५ इंच पळते, दोन हेडमधलं अंतर साधारण २ इंच, म्हणजे उशीर झाला सुमारे ०.१३ सेकंद. यालाच स्लॅपबॅक म्हणतात. आता आपल्या कानाचं असं आहे की प्रतिध्वनी ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आला तर तो मूळ आवाजातच विरघळून जातो, वेगळा कळत नाही, पण १३० मिलिसेकंदांनी आला की स्पष्ट वेगळा ऐकू येतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने जाऊन-येऊन ०.१३ सेकंद लागायला समोरची भिंत २२-२३ मीटरवर पाहिजे. आणि स्टुडिओ तर एवढासा! म्हणजे छोट्या खोलीत गाणारा माणूस आपल्या कानाला एखाद्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये उभा असल्यासारखा वाटतो, पण आवाज मात्र जवळचाच. ही विसंगतीच त्या गाण्यांचा जीव आहे. आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने नोव्हेंबर १९५५ मध्ये ३५,००० डॉलर देऊन एल्विसचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, पण जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला 'हार्टब्रेक हॉटेल' रेकॉर्ड करताना त्यांना हा इफेक्ट काही जमेना, शेवटी हॉलवेमध्ये स्पीकर आणि माईक ठेवून इको काढला. तो पण भारीच आहे, पण वेगळा आहे.

तर आता सळसळ. इंग्रजीत हिस म्हणतात ती. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर आयर्न ऑक्साईडचे, म्हणजे लोखंडाच्या गंजाचेच म्हणा, बारीक कण चिकटवलेले असतात, ते कण सगळे एकसारखे आणि एकसारख्या अंतरावर नसतात, आणि हेडसमोरून ते भराभर जाताना त्या अनियमितपणाचा जो आवाज होतो तो म्हणजे हिस, जवळजवळ सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला. त्या काळच्या चांगल्या मशीनवर सगळ्यात मोठा आवाज आणि ही सळसळ यांच्यात साठेक डेसिबलचा फरक मिळायचा.

कॉम्प्युटर ती कशी काढतो? गाणं सुरू व्हायच्या आधी टेपवर थोडा वेळ नुसतीच सळसळ असते. तो तुकडा घ्यायचा, त्यात कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती नॉइज आहे याचा ठसा घ्यायचा, मग अख्खं गाणं शेकडो बारीक पट्ट्यांमध्ये फोडायचं आणि ज्या पट्टीतला आवाज त्या ठशाच्या पातळीखाली जातो तिथे आवाज दाबून टाकायचा. १९८०च्या दशकाच्या शेवटी सॉनिक सोल्युशन्सची नोनॉइज आणि इंग्लंडमधली सीडार अशा सिस्टिम आल्या आणि हे सर्रास सुरू झालं. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण इथेच खरी मेख आहे. स्लॅपबॅकची शेपूट, गिटारची तार शांत होत जाते तो शेवटचा भाग, खोलीतली हवा, हे सगळं हळूहळू विरत विरत त्या सळसळीच्याच पातळीत शिरतं, आणि आपला कान कमालीचा हुशार असल्यामुळे सळसळीच्या खाली गेलेली शेपूट पण थोडा वेळ ओळखू शकतो. अल्गोरिदमला ते कळत नाही, त्याच्या दृष्टीने पातळीच्या खाली म्हणजे कचरा. शिवाय 'स', 'श'सारखी व्यंजनं किंवा बिल ब्लॅक बासच्या तारा ओढून सोडतो तेव्हा लाकडी पट्टीवर होणारा तो 'टक्' आवाज, हे स्वतःच नॉइजसारखे असतात, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेले. फिल्टर जोरात लावला की ते पण बोथट होतात, आणि वर कधीकधी पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा एक चमत्कारिक किणकिणाट मागे राहतो. म्हणून फॅन मंडळींमध्ये 'नोनॉइज मारलंय' हे वाक्य जवळजवळ शिवीसारखं वापरलं जातं.

बरं, मग चांगलं रिमास्टर म्हणजे काय? माझ्या मते ऐंशी टक्के काम कॉम्प्युटरपर्यंत पोचायच्या आधीच होतं, आणि हे आपल्यापैकी ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिलाय त्यांना लगेच पटेल. दुकानातून कॅसेट भरून आणायचो, घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा, मग कोणीतरी काका बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हेडच्या बाजूचा तो स्प्रिंगवाला स्क्रू एवढासा फिरवायचे आणि एकदम आवाज उघडायचा, आठवतंय? तो अझिमथचा स्क्रू, म्हणजे टेपच्या तुलनेत हेडचा कोन. स्टुडिओतल्या पाव इंची मोनो टेपचा (मोनो म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज) हिशोब करून बघू. सेकंदाला १५ इंच म्हणजे ३८.१ सेंटिमीटर वेग, त्यावर १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर फक्त ०.०३८ मिलिमीटर लांब असते. टेपची रुंदी ६.३५ मिलिमीटर. हेड एक तृतीयांश अंश जरी तिरकं झालं तरी टेपच्या एका कडेला लाटेची सुरुवात आणि दुसऱ्या कडेला शेवट एकाच वेळी वाचला जातो, मधले लाटेचे चढ-उतार एकमेकांना मारतात आणि १०,००० हर्ट्झचा आवाज जवळजवळ शून्य! एक तृतीयांश अंश फक्त. म्हणजे १९५४ मध्ये ज्या मशीनवर टेप भरली तिचं हेड जसं तिरकं होतं तसंच तिरकं हेड आज करायला लागतं, प्रत्येक टेपसाठी वेगळं, कानाने ऐकत ऐकत. एवढं नीट केलं तर बऱ्याचदा ट्रेबल वाढवायची गरजच पडत नाही, आणि ट्रेबल वाढवला नाही तर सळसळ पण वाढत नाही.

दुसरी गोष्ट, कुठली टेप. कॉपीची कॉपी केली की दर वेळी नवी सळसळ भरते, सारख्याच ताकदीच्या दोन सळसळी एकत्र आल्या की नॉइज ३ डेसिबलने वाढतो. त्यात एलपी कापण्यासाठी जी वेगळी टेप बनवायचे तिच्यात बास मुद्दाम कमी केलेला असायचा, कारण खोल बासने खाच रुंद होते आणि सुई उडते. अशा टेपवरून सीडी काढली की लोक म्हणणार 'जुनी गाणी पातळच वाजतात', आणि त्यात मूळ रेकॉर्डिंगचा काही दोष नसतो. सनच्या काही गाण्यांच्या तर मूळ टेप सापडतच नाहीत, तिथे जुन्या तबकडीवरूनच आवाज घ्यावा लागतो, मग एक-एक मिलिसेकंदाची करकर शोधून, शेजारच्या आवाजावरून मधला तुकडा अंदाजाने भरावा लागतो. हा अंदाज मात्र कॉम्प्युटर फार सुंदर करतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

साठच्या दशकात तर याहून वाईट झालं होतं. स्टिरिओचं फॅड आलं, आणि एल्विसचे मोनो अल्बम 'इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड स्टिरिओ' करून विकले गेले, म्हणजे एका कानात बास जास्त, दुसऱ्या कानात ट्रेबल जास्त आणि वर थोडा इको. पहिल्या अल्बमचं असं रूप १९६२ मध्ये आलं. मोनोमध्ये आवाज नेमका मधोमध, घट्ट येतो, तो घट्टपणाच यात फाटतो. नंतर फॅननी इतका आग्रह धरला की आज बहुतेक चांगल्या आवृत्त्या परत मोनोमध्येच मिळतात.

पण फॅनच्या भांडणाचं सगळ्यात हृदयाला भिडणारं उदाहरण माझ्यासाठी बडी हॉली या त्याच काळातल्या अमेरिकन रॉक अँड रोल गायकाचं आहे. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत १९५७ मध्ये त्याने जी गाणी केली ती आवाजाच्या दृष्टीने त्या काळातली फार स्वच्छ कामं आहेत. त्यातल्या 'पेगी स्यू'मध्ये जेरी ॲलिसनचे ड्रम मधेच जवळ येतात, मधेच लांब जातात, कारण पेटी रेकॉर्डिंग चालू असतानाच इको चेंबर (आवाज घुमवणारी वेगळी खोली) चालू-बंद करत होता. १९८५ मध्ये स्टीव्ह हॉफमन या मास्टरिंग इंजिनिअरने मूळ मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून बाकी सगळ्या प्रती निघतात ती टेप, शोधून, फार छेडछाड न करता एक सीडी केली, तिच्यात ही ये-जा इतकी उघड ऐकू येते की आजही जुने संग्राहक तिचंच नाव घेतात. आणि याच्या बरोबर उलट प्रकार. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान अपघातात हॉली गेला, वय २२. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत न्यूयॉर्कच्या आपल्या फ्लॅटवर त्याने एकट्याने गिटार घेऊन काही गाणी टेप केली होती. ती तशीच न देता त्यांच्यावर नंतर दुसऱ्या लोकांकडून बँड चढवला गेला. आपल्याकडे कॅसेटच्या काळात जुन्या हिंदी गाण्यांवर झंकार बीट्स चढवायचे ना, अगदी तेच. कित्येक लोकांनी आयुष्यभर तीच ऐकली आणि त्यांना तीच आवडतात, त्यांना चूक म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण २००९ मध्ये अधिकृत संग्रहात बिनबँडची टेप आली तेव्हा ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, एका घरात बसलेला एक तरुण मुलगा, बस्स.

मतं इतकी का फाटतात याची पण काही कारणं विज्ञानात सापडतात. एक म्हणजे मोठा आवाज. दोन आवृत्त्यांमध्ये एक जरी डेसिबलचा फरक असला तरी आपल्याला 'ही मोठी आहे' असं न वाटता 'ही चांगली आहे' असं वाटतं, कारण आवाज कमी असताना कानाला बास आणि ट्रेबल कमी कळतो आणि वाढवला की भरतो. १९९०नंतरच्या कितीतरी रिमास्टरमध्ये लिमिटर (मोठे आवाज दाबणारं यंत्र) लावून हळू भाग वर ओढलेले आहेत, दुकानात पहिल्या दहा सेकंदांत ते जिंकतात, पण अख्खा अल्बम ऐकला की कान थकतात. दुसरं कारण वय. वयाबरोबर सगळ्यात आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, त्यामुळे पासष्टीच्या संग्राहकाला जी सळसळ जाणवतच नाही ती वीस वर्षांच्या पोराला सतत टोचत राहते, आणि दोघंही आपापल्या कानाशी प्रामाणिकच असतात. तिसरं, सवय. जी आवृत्ती पहिल्यांदा ऐकली तीच 'खरी' वाटते. इंपीरियल ही रेकॉर्ड कंपनी फॅट्स डॉमिनो या त्याच काळातल्या गायकाची काही गाणी मुद्दाम थोडी वेगाने चालवून मास्टर करायची, आवाज तरुण आणि गाणं चटपटीत वाटावं म्हणून. सहा टक्के वेग वाढवला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. आता मूळ वेगातली टेप दिली तर तो खरा गायला तसा आवाज येईल, पण साठ वर्षं चढ्या सुरात ऐकलेल्यांना ती ढेपाळलेली वाटते. मी तर म्हणेन दोन्ही द्या, आणि वर स्पष्ट लिहा.

वेग ओळखायची एक सुंदर पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिची गुणगुण बऱ्याच टेपमध्ये अगदी हळू शिरलेली असते. ती ६१ हर्ट्झवर सापडली तर टेप जवळपास पावणेदोन टक्के जोरात पळतेय. म्हणजे ज्या गुणगुणीला सगळे दोष म्हणून काढायला धावतात तीच घड्याळ म्हणून उपयोगी पडते. प्लँजंट प्रोसेसेस नावाची पद्धत याच्या पुढची, रेकॉर्डिंगच्या वेळी टेपवर जो कानाला ऐकू न येणारा अतिउच्च बायस सिग्नल पडतो त्याचे अवशेष वाचून ती टेपची बारीक थरथर सरळ करते. म्हणून मूळ टेपला पर्याय नाही. २००८ मध्ये हॉलीवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, तिच्यात चक बेरी आणि बडी हॉलीचे मास्टर गेले असं न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये छापलं, कंपनी म्हणते नुकसान एवढं नाही. काहीही असो, वाचताना पोटात गोळा आला होता.

आता एआयने मोनोतून गिटार, बास, आवाज वेगळे काढून नवा स्टिरिओ बनवतात. मी ऐकलंय. बास खरंच इतका स्वच्छ सुटतो की थक्क व्हायला होतं, पण सनच्या गाण्यांत एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरलेला असतो आणि इको सगळ्यांवर एकत्र पसरलेला, तो नेमका कोणाच्या वाट्याला द्यायचा हे मशीनला ठरवता येत नाही, मग तो कधी इकडे कधी तिकडे हलतो.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या घ्या, आधी दोघींचा आवाज कानाला अगदी सारखा लागेल इतका जुळवा, ही पायरी चुकवू नका, आणि मग गायकाकडे लक्षच देऊ नका. गाणं संपताना शेवटचा कॉर्ड वाजून गेल्यावर डोळे मिटून बसा, आणि तो विरत विरत सळसळीत कुठपर्यंत जातोय ते मोजा.