ग्रीक पुराकथांवरील भंगारशिल्पे (बेळगाव परिसर)

टाकाऊ वस्तू मूळ रूपाची ओळख राखून जोडायच्या आणि त्यांतून ग्रीक पुराकथांतील पात्रे उभी करायची, असा हा शिल्पप्रकार. पिकासोने १९४२ साली सायकलचे सीट आणि हँडल एवढ्यावरच बैलाचे मुंडके केले. ब्रिटिश शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सी यांची वाट वेगळी : यंत्रांचे सुटे भाग मातीत दाबून ठशांवर मेण ओतायचे, मग ब्राँझचे ओतकाम. त्यांचा ‘सायक्लॉप्स’ हा एकाक्ष राक्षस १९५७ चा.

बेळगावात मालाला तोटा नाही. उद्यमबागेतले कारखाने, वडगाव-शहापूरचे माग, गावोगावची सायकल दुकाने यांचे भंगार किलोवर मिळते. पात्र ठरवून भाग धुंडाळण्यापेक्षा ढिगात काय दिसते त्यावरून पात्र ठरवलेले बरे. उडता उडता समुद्रात पडलेल्या इकारसचे पंख पिसांचे आणि मेणाचे. त्यांना ट्रकच्या स्प्रिंगचे जड कमानपाटे लावले तर शिल्प पुढे कलंडते आणि कथाही बुडते. मोडक्या छत्रीच्या काड्या तिथे शोभतात.

केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसा राक्षसीचे सर्पकेश मोटरसायकलच्या चेनचे. चेन रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून घासून, पूर्ण वाळवावी. तेल राहिले की जोडात भोके पडतात. हवा तसा बाक देऊन दर तीन-चार कड्यांना वेल्डिंगचा टाका मारावा. अडीच मिलिमीटरचा रॉड, ७०-८० अँपिअर पुरे. जास्त करंटने कडीची पट्टी जळते. नाकाला नांगराचा जुना फाळ छान बसतो.

खरी फसगत बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात होते. ग्राइंडर लावून ठिणगी पाहावी : साध्या लोखंडाची लांब, पिवळसर, बिडाची आखूड, लालसर. बीड साध्या रॉडने जोडले तर थंड होताना जोडाशेजारी तडकते. निकेल रॉड महाग, म्हणून भोक पाडून ८ मिलिमीटरचा बोल्ट मारणे सोपे. बंद शॉकअॅब्सॉर्बर किंवा पेट्रोलची टाकी तापवू नये, फुटते. जस्ताच्या मुलाम्याचा धूर अंगात ताप भरवतो; मुलामा आधी खरवडावा.

सगळ्यावर सोनेरी रंग फासण्याची हौस टाळावी. मागावरचा धोटा धोटाच दिसला पाहिजे. खानापूरकडच्या पावसात खोलगट भागात पाणी साचून गंज धरतो, तिथे तळाला ६ मिलिमीटरचे भोक ठेवावे. चेनच्या फटींत ब्रश पोचत नाही. टाके मारून झाले की डोक्याला जोडण्यापूर्वीच ती पातळ केलेल्या रेडऑक्साइड या गंजरोधक रंगात बुडवून काढावी. जोडाच्या जागा मात्र घासून मोकळ्या कराव्या लागतात.