ओटा ३० इंचांचा की ३४? एका घरगुती वादाची पार्श्वभूमी

जुना ओटा फोडून नवं किचन करायला काढलं, की घरात तट पडतात. सुतार म्हणतो ३२ करू, मॉड्युलरवाला म्हणतो आमच्याकडे ३४ च येतं, सासूबाई म्हणतात आहे तेवढाच ठेवा आणि साडेपाच फुटी सुनेचं म्हणणं, सिंकशी वाकून पाठीचं पार वाटोळं झालंय. या प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. गंमत अशी, की बहुतेक कारणांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी काही संबंध नाही.

मुळात ओटा हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट. चूल जमिनीवर, तिला लागून वैल (तिच्याच आचेवरचं दुसरं तोंड), बसायला पाट. पाटा-वरवंटा, विळी, परात सगळं बसून वापरायचं. सांडपाणी मोरीत. शहरात चाळी आल्या तरी ही मांडणी फारशी हलली नाही. मुंबईत १९२० च्या दशकात उठलेल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मोरी आणि शेगडी शेजारी-शेजारीच होत्या, आणि चूल जाऊन कोळशाची शेगडी नि रॉकेलचा स्टोव्ह आला तरी बाई बसलेलीच राहिली. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं, हालचाली मोजून आखलेलं स्वयंपाकघर तयार झालं. आजच्या सगळ्या फिटेड किचनचं मूळ तिथे शोधतात. त्या आराखड्यात खिडकीखालच्या टेबलाशी बसायला फिरतं स्टूल होतं. जगभर कपाटं आणि ओटा पोचला. स्टूल तिथेच राहिलं.

आपल्याला उभं केलं ते गॅसने. १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस घरोघरी मिळू लागला आणि त्याबरोबर सुरक्षिततेचा एक नियम आला, जो आजही कनेक्शन देताना सांगतात: शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर हवी आणि सिलिंडर उभाच हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो; म्हणून जमिनीवरच्या शेगडीला परवानगी नाही. स्टोव्ह पाटाशेजारी ठेवता येत होता, गॅसची शेगडी येईना. पुढची कित्येक वर्षं गॅसचा नंबर लागायची वाट बघण्यात गेली, पण इमारती बांधणाऱ्यांनी नंबर लागणार हे धरून उभ्याचे ओटे बांधायला सुरुवात केली होती.

त्या ओट्याची उंची साध्या बेरजेतून येते. १४.२ किलोचा सिलिंडर साधारण २५ इंच उंच आणि साडेबारा इंच रुंद असतो. वर रेग्युलेटर फिरवायला, सिलिंडर ओढून बाहेर काढायला हात जाईल एवढी जागा सोडली, की खालची मोकळी उंची २७-२८ इंच लागते. वरचा कडप्पा सव्वा इंच, त्यावर सिमेंटचा माल आणि दगड किंवा लादी मिळून दीडेक इंच. झाले ३० ते ३१. सिलिंडरनेच हे माप ठरवलं असं छातीठोक म्हणायला नको, पण त्याखाली जायला जागाच नव्हती हे खरं. योगायोगाने हे माप पाच फुटी बाईला बरं पडलं; का, ते पुढे येईल.

उभं राहिल्यावर अवजारंही बदलावी लागली. विळी पायाखाली दाबून धरायची वस्तू. ओट्यावर ती धरायला पायच नाही. तिची पाटी हाताने दाबली तर चिरायला एकच हात उरतो. म्हणून सुरी आणि लाकडी फळी आली. पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, आणि मिक्सरला ओट्यावर कायमची जागा व प्लग लागला. इथून ओट्याची लांबी अपुरी पडायला लागली, ती आजतागायत.

कडप्प्याचं थोडक्यात सांगायचं तर तो चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, कोकमाचं पाणी पडून राहिलं की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि पांढुरका डाग बसतो, कितीही घासा. त्यामुळे परवडू लागताच लोकांनी ग्रॅनाइट घेतला, बहुतेकांनी जुन्या कडप्प्यावरच. ओटा इंचभर वाढला. मग जमिनीवर जुन्या लादीवरच नवी व्हिट्रिफाइड टाइल चिकटवली, जमीन अर्धा ते दीड इंच वर आली. ओटा पुन्हा बुटका! जुन्या फ्लॅटमध्ये कागदावरचं माप धरून काम काढू नये ते यामुळेच.

नव्वदच्या दशकात स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या आल्या. उभ्या कडप्प्यांच्या मधल्या कप्प्यात चॅनेल, म्हणजे सरकपट्ट्या, ठोकून त्या बसवायच्या: वर ४ इंची चमचे-उलथन्यांची, मग ६ इंची वाट्या-पेल्यांची, ८ इंची थाळ्यांची, खाली कुकर नि पातेली. मराठी घरातल्या स्टीलच्या भांड्यांना ही व्यवस्था चपखल बसली. बिघडायची ती दोन ठिकाणी. कडप्पे ओळंब्यात नसायचे, वर २१ इंच अंतर आणि खाली साडेवीस. ट्रॉली तिथे अडकायची आणि दोष ट्रॉलीवाल्याला. दुसरं, ग्रॅनाइटला जाड दिसावा म्हणून पुढे खालून डबल पट्टी लावतात. ती पाऊण इंच खाली उतरते आणि सर्वांत वरची ट्रॉली तिच्यावर आदळते. खालच्या ट्रॉलीत धान्याचे डबे ठेवायचे असतील तर ३५ ते ४५ किलो पेलणारे टेलिस्कोपिक चॅनेल घ्यावेत, चाकाचे हलके चॅनेल वर्षा-दोन वर्षांत लोंबतात.

आणि मग आलं मॉड्युलर. खरा वाद इथे आहे. कारखान्यात बनणाऱ्या खालच्या कपाटाची युरोपातली रुळलेली उंची ७२० मिलिमीटर. त्याखाली १०० मिलिमीटरचे पाय, वर १८ मिलिमीटरचा प्लायवुड आणि तेवढाच जाड ग्रॅनाइट. बेरीज ८५६ मिलिमीटर, म्हणजे पावणेचौतीस इंच. पाय १५० चे घेतले तर ३५ च्या पुढे. ‘३४ च येतं’ यामागचं गणित एवढंच आहे: ते कपाटाचं माप आहे. विक्रेते त्याला शास्त्रीय उंची म्हणतात. शास्त्र आहे, पण ते तिकडचं. अमेरिकेत ३६ इंची ओटा रूढ आहे, आणि तिथल्या चुलीचे बर्नर ओट्याच्या पातळीतच असतात. आपली शेगडी ओट्यावर ठेवलेली असते आणि तिची स्वतःची उंची ४ ते ५ इंच. ओट्याचं माप उचललं, शेगडी विसरली.

हे आकड्यात बघू. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून सुमारे ३७ इंचांवर असतं. ओटा ३४, शेगडी साडेचार, कढईची खोली ४: कढईचा काठ साडेबेचाळीस इंचांवर, कोपराच्या साडेपाच इंच वर. रवा भाजताना, पिठलं ढवळताना खांदा सतत उचललेला राहतो आणि तळणीचं तेल उडालं तर ते चेहऱ्याच्या जवळ उडतं. ३० इंची ओट्यावर तोच काठ साडेअडतीसवर येतो. पाच लिटरचा कुकर ठेवला तर फरक आणखी बोचतो: ३४ च्या ओट्यावर झाकण छातीच्या वर जातं.

पण ३० इंच सगळ्याला बरोबर नाही, आणि सुनेची तक्रार खोटी नाही. भाजी चिरायला पृष्ठभाग कोपराच्या ४-५ इंच खाली हवा, कणीक मळायला नि पोळ्या लाटायला ६ ते ८ इंच खाली, कारण तिथे वरून जोर द्यायचा असतो. सिंकमध्ये तर हात काठावर नसतातच. ८ इंच खोल सिंक ३० इंची ओट्यात बसवलं की भांडी घासायचा तळ २२ इंचांवर जातो. भांडी घासताना कंबर धरते ती त्या तळामुळे. ग्रॅनाइटच्या खालून बसवायचं सिंक घेतलं तर पाऊण इंच आणखी खाली.

म्हणजे एकच उंची मागणं हाच घोटाळा आहे. ओटा दोन पातळ्यांचा करावा: शेगडीचा भाग खाली, सिंक आणि चिरण्याचा भाग ३ ते ४ इंच वर. घरातल्या चपला घालून, कोपर काटकोनात दुमडून जमिनीपासून माप घ्यावं. शेगडीच्या भागाला त्यातून साडेआठ इंच वजा करावेत, चिरण्याच्या भागाला साडेचार. ३७ इंचांच्या कोपराला साडेअठ्ठावीस आणि साडेबत्तीस येतात. दोघी-तिघींचा स्वयंपाक असेल तर शेगडीचं माप बुटक्या व्यक्तीचं घ्यावं, कारण भाजायची भीती तिलाच जास्त. सिंकचं उंच व्यक्तीचं. पुरुष घासत असतील तर त्यांचं.

याला सुतार नाकं मुरडतात ती अगदीच विनाकारण नाही. पायरीच्या सांध्यात पाणी आणि पीठ साचतं. तिथे उभी ग्रॅनाइट पट्टी लावून इपॉक्सीने सांधा भरावा लागतो आणि वरच्या भागाला पाव इंचाची कड ठेवावी लागते, नाहीतर सिंकचं पाणी शेगडीखाली. पायरी बर्नरला खेटून घेतली तर गरम पातेलं उतरवून ठेवायला जागा राहत नाही. मध्ये निदान ९ ते १२ इंच खालचाच ओटा हवा. एल आकाराच्या ओट्यात पायरी कोपऱ्यात घेतली की हे प्रश्न निम्मे होतात. सिलिंडर शेगडीखालीच ठेवायचा असेल तर मात्र साडेअठ्ठावीस जमत नाही, ३० च्या खाली उतरता येत नाही. आणि ७२० च्या कपाटावर ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, बसतच नाहीत. तिथे ६०० ते ६५० ची कपाटं बनवून घ्यावी लागतात किंवा तो भाग जागेवर सुताराकडून करावा लागतो. विक्रेता ३४ वर अडून बसतो त्याचं खरं कारण हेच.

एल की समोरासमोर दोन ओटे, हा प्रश्न बहुधा बिल्डरनेच सोडवलेला असतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर ५ चौरस मीटर आणि रुंदी १.८ मीटर चालते. १.८ मीटर म्हणजे ७१ इंच. २४ इंची दोन ओटे घातले की मध्ये २३ इंच उरतात. एक जण वाकला की दुसरा अडकला. साडेसात फुटांच्या आत समोरासमोर ओटे घालू नयेत. शेगडीची भिंत वास्तुवाला सांगणार, पूर्वेकडे तोंड. खिडकी दुसरीकडे असेल तर चिमणीचा पाइप लांब जातो आणि प्रत्येक वळणाला ओढ कमी होते.

हॉब, म्हणजे ओट्यातच बसवलेली शेगडी, आल्यावर वादाची धार थोडी गेली. ग्रॅनाइट कापून बसवलेल्या हॉबचा बर्नर ओट्यापासून जेमतेम २ इंच वर असतो, त्यामुळे ३४ चा ओटा साडेएकतीससारखा वागतो. मात्र कापलेल्या जागेपुढची पट्टी अडीच इंचांहून कमी राहिली किंवा कोपरे गोल न ठेवता काटकोनात कापले, की ग्रॅनाइटला तिथेच तडा जातो, आणि हॉबखालची वरची ट्रॉली सोडून द्यावी लागते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत आणि नंतर पुण्यात पाइपचा गॅस आला, तेव्हा ओट्याखालची २८ इंचांची अटही सुटली. इंडक्शनची शेगडी तर अडीच-तीन इंचांचीच. ती ३२ च्या ओट्यावर बरी बसते. फक्त तिला १६ अँपियरचा स्वतंत्र वायरचा पॉइंट लागतो, सिंकपासून लांब आणि ओट्याच्या ८ ते १२ इंच वर. जुन्या वायरिंगच्या किचनमध्ये असा एकच पॉइंट असतो, आणि तो बहुधा फ्रीजच्या मागे अडकलेला असतो.