रूफ बार व रूफ बॉक्स

मोटारीच्या टपावर सामान नेण्यासाठी बसवलेल्या दोन आडव्या दांड्या म्हणजे रूफ बार (क्रॉस बार), आणि त्या दांड्यांवर पक्की केलेली झाकणाची बंद पेटी म्हणजे रूफ बॉक्स. मराठवाड्यात टपावरच्या कुठल्याही सोयीला सरसकट ‘कॅरियर’ म्हणतात. मात्र फॅब्रिकेशनच्या दुकानात पाइप जोडून मिळणारे लोखंडी कॅरियर आणि बार-बॉक्सची जोडी यांचे वजन, पकड आणि मर्यादा पूर्ण वेगळ्या आहेत. जुन्या जीपला जे शोभले तेच नव्या कारवर चढवल्याने टपाचे सर्वाधिक नुकसान होते.

सामानाचा भार पेटीतून बारवर, बारमधून त्याच्या पायांवर आणि पायांमधून टपाच्या कडांवर उतरतो. या साखळीत जी कडी सर्वांत कमकुवत असेल तिच्या ताकदीइतकेच सामान न्यायचे असते. बारवर ७५ किलो छापलेले असेल, पेटीवरही ७५ असेल, पण गाडीच्या पुस्तिकेत टपाचा कमाल भार ५० किलो दिला असेल, तर ५० हाच आकडा खरा. हा आकडा गाडी चालती असतानाचा आहे आणि त्यात बार व पेटीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे विसरले जाते. ॲल्युमिनियमच्या बारची जोडी साधारण ५ ते ६ किलोची, तर ३०० ते ५०० लिटरची पेटी १२ ते २५ किलोची असते. टपाची मर्यादा ७५ किलो, बार ५ आणि पेटी २० किलो, तर सामानासाठी उरतात ५०. मर्यादा ५० किलोची असेल तर उरतात फक्त २५. म्हणजे गावाकडून निघताना घेतलेले ज्वारीचे ५० किलोचे पोते ५० च्या मर्यादेत बसत नाही, आणि ७५ च्या मर्यादेत आकड्याने जेमतेम बसले तरी टपावर ठेवायचे नाही. एका जागी सगळा भार टाकणारे पोते पेटीचा तळही वाकवते. धान्य, तेलाचे डबे, पाण्याचे कॅन डिक्कीत किंवा पुढच्या सीटच्या मागे खाली. गाद्या, गोधड्या, कपड्यांच्या बॅगा, रिकामी भांडी वर. लातूरला शिकवणीसाठी जाणाऱ्या मुलाची गादी-उशी पेटीत छान मावते. पुस्तकांची पत्र्याची पेटी मात्र खालीच ठेवावी.

टपाचे प्रकार

बार कोणते घ्यायचे हे गाडीच्या नावावरून नव्हे, टपाच्या बनावटीवरून ठरते. जुनी सुमो, ट्रॅक्स, जिप्सी, ओम्नी यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पत्र्याची दुमडलेली पन्हळ असते. टप आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांना जोडतात तीच ही कड असल्याने ती मजबूत असते आणि कॅरियरचे पाय थेट तिच्यात अडकतात. काळी-पिवळी जीपगाड्यांवर वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली सामान गेले ते या पन्हळीच्या जोरावर. आताच्या बहुतेक कारमध्ये ती पन्हळ गेली आहे. जोड टपाच्या खाचेत दडवून वर प्लास्टिकची पट्टी लावलेली असते.

अशा नुसत्या टपावर बारचे पाय रबरी पॅडवर टेकतात आणि पोलादी आकडे दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला धरतात. आकड्याचा बाक प्रत्येक मॉडेलच्या कडेप्रमाणे वेगळा असतो. त्यामुळे पाय, बार आणि त्या गाडीचा ‘फिटिंग किट’ (त्या मॉडेलच्या आकड्यांचा संच) असे तीन भाग वेगवेगळे विकत घ्यावे लागतात. दुसऱ्या मॉडेलचा किट ठोकून-वाकवून बसवला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण पकड अर्ध्या रुंदीवरच येते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर सरकते. काही गाड्यांत खाचेतल्या पट्टीखाली कंपनीनेच बोल्टची जागा ठेवलेली असते. ती असेल तर तिच्याइतकी भरवशाची दुसरी पद्धत नाही.

लांबीच्या दिशेने असलेल्या रेलवर बार बसवणे सर्वांत सोपे, पण इथेच मोठा धोका आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या रेल केवळ शोभेच्या असतात: प्लास्टिकच्या, क्लिपांवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेल्या. रेल बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजणे, हाताने दाबल्यावर लवणे, आणि पुस्तिकेत टपाच्या भाराचा उल्लेखच नसणे ही त्यांची लक्षणे. शोभेच्या रेलला एक किलोही बांधू नये. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी पुस्तिकेतला आकडा मागावा.

बार बसवणे

काम दोन माणसांचे, पहिल्या वेळी तासाभराचे. टप आधी शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवावा. काळ्या मातीची धूळ पॅडखाली राहिली तर गाडीच्या हादऱ्यांनी ती पॉलिश पेपरसारखी रंग घासते आणि दोन-तीन महिन्यांत पत्रा उघडा पडतो. मग बारच्या पुस्तिकेत दिलेली अंतरे टेपने मोजून टपावर मास्किंग टेपच्या खुणा कराव्यात. पुढचा आणि मागचा बार पुष्कळदा सारख्या लांबीचे नसतात, कारण टप मागे निमुळता होतो. त्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. दोन बारमधले अंतर साधारण ६० ते ८० सेंमी असते आणि बहुतेक पेट्या ७० सेंमीच्या आसपास नीट बसतात. अंतर फार कमी ठेवले तर लांब पेटी पुढे-मागे झोके घेते.

नुसत्या टपावर चारही दारे उघडून आकडे कडेत बसवावेत आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक बाजू आधी पूर्ण आवळली की बार तिकडे ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूची पकड खोटी ठरते. बहुतेक संचांबरोबर ठरावीक ताण आला की ‘कट’ आवाज करणारी चावी किंवा खूण असलेला ॲलन पाना (षटकोनी टोकाची चावी) मिळतो. तो नसेल तर पुस्तिकेतला न्यूटन-मीटरचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा पाहून टॉर्क पाना, म्हणजे तो जोर मोजणारा पाना, वापरावा. हा आकडा लहान असतो, चाकाच्या नटाच्या कितीतरी पट कमी. गॅरेजमध्ये लांब दांड्याचा पाना लावून जोर केला की दाराच्या चौकटीचा पत्रा आत वळतो, आणि तो डेंट बाहेरून काढता येत नाही.

आवळून झाल्यावर प्रत्येक दार सावकाश लावून पाहावे. आकड्याखाली दाराचे रबर चिमटले गेले असेल तर ते उन्हाळ्यात कळत नाही. पहिल्या पावसात दाराच्या खांबावरून पाणी आत गळते. सनरूफ असेल तर ते तिरके उघडून बारला लागते का पाहावे. शेवटी बार धरून जोरात हलवावा: बार हलता कामा नये, अख्खी गाडी हलली पाहिजे.

विमानाच्या पंखासारख्या आकाराच्या बारची जाड कड पुढे येते. उलटा बसवलेला किंवा वरच्या खाचेची रबरी पट्टी न लावलेला बार ६०-७० च्या वेगाला शिट्टी वाजवू लागतो. रबरी पट्टी पेटीच्या बोल्टांच्या जागा सोडून तुकडे करून लावायची असते.

पेटी चढवणे

पेटी रिकामीच चढवायची. ती डावी-उजवी मधोमध ठेवावी. मागेपुढे सरकवताना आधी डिक्की पूर्ण उघडून तिचे वरचे टोक पेटीला लागत नाही हे पाहावे, आणि मग तेवढी मोकळी जागा राखून पेटी शक्य तितकी मागे घ्यावी. पुढचे टोक विंडस्क्रीनवर आले की वारा त्याच्याखाली शिरून पेटी वर उचलू पाहतो. पेटी चार ठिकाणी धरली जाते, ‘यू’ आकाराच्या क्लॅम्पने किंवा बारच्या खाचेत सरकणाऱ्या ‘टी’ बोल्टने. यू-क्लॅम्पचे नट आतून लोखंडी पट्टीवर हातानेच आवळावेत. पक्कडीने पिरगाळलेल्या नटाभोवतीच पेटीच्या तळाला तडे जातात.

सामान भरताना जड वस्तू दोन बारच्या मध्ये, हलक्या पुढच्या-मागच्या टोकांना. आतले पट्टे सामानावरून ओढून बसवावेत, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर सामान झाकणावर आपटते. चांगल्या पेटीची किल्ली झाकणाचे सगळे खटके बसल्याशिवाय बाहेर निघत नाही. किल्ली अडली तर ती जोर लावून काढू नये, न बसलेला खटका शोधावा. पहिल्या ३० ते ५० किमीनंतर थांबून चारही पाय आणि चारही क्लॅम्प पुन्हा तपासावेत. रबरी पॅड दबून बसल्यामुळे पकड थोडी सैल होणे हे स्वाभाविक आहे.

उघड्या बारवर सामान बांधायचे तर रॅचेट पट्टा (दात्यांच्या खटक्याने आवळत जाणारा पट्टा) वापरावा. मोटारसायकलच्या ट्यूबची रबरे ताणतात, सामान उसळते आणि बांधणी सैल होते. ती जोडीला चालतील, मुख्य बांधणीला नाहीत. पट्टा सपाट राहिला तर वाऱ्यात भणभणतो. एक पीळ दिला की थांबतो.

वेग, वारा, घाट

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ६० च्या वेगाला न जाणवणारी पेटी १०० ला जाणवते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीप्रमाणे मोठ्या, बोथट पेटीमुळे इंधनाचे ॲव्हरेज शहरात २ ते ८ टक्के, तर तासाला साधारण १०५ ते १२० किमी वेगाला १० ते २५ टक्के घटते. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सपाटीला कारसाठी १२० ची मर्यादा आहे. ती टपावर पेटी असलेल्या गाडीने गाठायची नाही. पेटीवर १३० छापलेले असले तरी भरलेल्या पेटीला ९०-१०० पुरे. उघड्या माळावरचा आडवा वारा आणि शेजारून जाणाऱ्या ट्रेलरचा झोत गाडी बाजूला ढकलतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाआधीची वावटळ त्याहून जोरात.

टपावरच्या वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. कन्नड किंवा मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर गाडी जास्त कलते, ब्रेकला अंतर जास्त लागते. टायरची हवा पूर्ण भारासाठी दाराच्या खांबावर दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी.

उंचीचाही हिशेब आधीच करून ठेवावा. बार १० ते १२ आणि पेटी ४० ते ४५ सेंमी, म्हणजे दीड मीटर उंचीची कार दोन मीटरच्या पुढे जाते, एसयूव्ही सव्वादोन मीटरच्या पुढे. एकूण उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवावी. रेल्वेखालच्या भुयारी मार्गांच्या लोखंडी कमानी, इमारतींचे तळघरातले पार्किंग, गल्लीत लोंबणाऱ्या तारा आणि रस्त्यावर झुकलेल्या बाभळी या चार जागी ती चिठ्ठी कामाला येते.

ऊन, धूळ, पाऊस

पेट्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा उन्हातल्या काळ्या पेटीचे लांब झाकण तापून प्रसरण पावते आणि खटके जुळत नाहीत. गाडी सावलीत घेऊन, झाकण हाताने दाबत एकेक टोक बसवावे. आत पॉवर बँक, परफ्यूमचे कॅन, औषधे, गॅसचे छोटे सिलिंडर ठेवू नयेत. पेटी पाऊस अडवते, पण जलरोधक नसते. वेगात पुढच्या फटीतून पाणी आणि कच्च्या रस्त्यावर बारीक धूळ आत शिरते. कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत. बिजागऱ्यांना तेल लावले तर धूळ चिकटून त्या अडतात; सिलिकॉनचा कोरडा स्प्रे बरा. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत पातळ झाकण फुटू शकते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे टपाला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेल्या कॅरियरपेक्षा बोल्टने बसणारा व काढता येणारा, बिलासह घेतलेला संच कधीही सुरक्षित. कलम १२३ टपावर माणसे बसवण्यास मनाई करते. लग्नाच्या वऱ्हाडात किंवा तुळजापूरच्या वाटेवर ही मनाई सर्रास मोडली जाते आणि तिथे माणसे मरतात. सामान परवानगीपेक्षा बाजूला, पुढे-मागे किंवा वर निघाल्यास २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा सामान उतरवण्याचा खर्च. बार-पेटीचा विमा हवा असेल तर ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत नोंद करून घ्यावी लागते.

काम झाले की पेटी उतरवावी. बारही महिनोन्महिने वर ठेवू नयेत. निदान पावसाळ्याआधी एकदा काढून पॅडखालचा भाग धुवावा, बोल्टला थोडे ग्रीस लावावे. पेटी गच्चीवर पत्र्याखाली आडवी टाकली तर उन्हाने तिचा तळ वाकतो. ती कडेवर उभी करून, दोन रुंद पट्ट्यांनी भिंतीला टांगून, सावलीत ठेवावी. आणि फिटिंग किटचा ॲलन पाना पेटीतच न ठेवता गाडीच्या जॅकबरोबर ठेवावा.